ओतण्याआधीचं पायथन

[दृश्य: कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतला जातोय.]

निवेदन:
रस ओतण्याआधी सगळं चालतं. पॅटर्न तासा, कोअर बदला, वाळू मोडून पुन्हा ठोका. रस आत गेला की विषय संपला.

[दृश्य: राजारामपुरी. एका घरात लॅपटॉपवर झरझर सरकणाऱ्या ओळी.]

निवेदन:
इथं कॉम्प्युटर सायन्सची एक विद्यार्थिनी स्वतःची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा बनवतेय. हत्यार आहे आरपायथन. पायपाय हा पायथन भाषेतले प्रोग्रॅम चालवणारा इंटरप्रिटर; 2003 साली सुरू झालेल्या त्याच्या प्रकल्पातलं हे पायथनचं आखडतं रूप. तेही पायथन 2.7 चं, ज्याचा अधिकृत आधार 2020 लाच संपला!

साध्या पायथनमध्ये इव्हॅलला मजकूर दिला की त्याचा कोड होऊन तो लगेच चालतो. आरपायथनमध्ये ही सोय नाही. चालू प्रोग्रॅममध्ये नवं फंक्शन नाही, नवा क्लासही नाही. कारण हा सगळा कोड सी भाषेत उतरवायचा असतो. त्याआधी हे काम करणारा ट्रान्सलेटर सुरुवातीच्या फंक्शनपासून निघतो, जिथं जिथं पोचता येतं तिथं जातो आणि प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप, म्हणजे त्यात आकडा आहे की स्ट्रिंग (मजकूर), ते ठरवतो. एकाच जागी कधी आकडा, कधी स्ट्रिंग आली, की तो अडून बसतो. मग जे फंक्शन अजून जन्मलंच नाही, त्याचा टाइप तो ठरवणार कसा?

वडील फाउंड्रीत मोल्डर. त्यांनी विचारलं, "एवढं बांधून घेतल्यावर करतीस काय गं त्यात?"

"बाबा, रस ओतायच्या आधी तुम्ही काय काय करता?"

उत्तर नेमकं आहे. ट्रान्सलेटर फाइल वाचत बसत नाही. मॉड्यूल इम्पोर्ट झाल्यावर, म्हणजे कोडची फाइल पायथनमध्ये एकदा चालून गेल्यावर, मेमरीत जी फंक्शन्स आणि क्लासेस उभे असतात, ते उचलतो. त्यामुळे इम्पोर्ट होईपर्यंत पूर्ण पायथन मोकळं असतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार अशी एकाच घाटाची फंक्शन्स ती लूप फिरवून तयार करते. इव्हॅलसारखंच मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या एक्झेकनं केली तरी हरकत नाही. बंदी आहे ती कोड कधी बनवता यावर, कोड बनवण्यावर नाही.

[दृश्य: स्क्रीनवर पायपाय. इव्हॅलची एक ओळ, खाली उत्तर.]

निवेदन:
आणि पायपायमध्ये तर इव्हॅल बिनबोभाट चालतं! पायपायचा इंटरप्रिटर आरपायथनमध्येच लिहिलाय, पण तुमचा मजकूर त्याच्या लेखी निव्वळ डेटा. त्याचा बाइटकोड, म्हणजे इंटरप्रिटरला कळणाऱ्या छोट्या सूचना, होतो, आधीच तयार असलेला लूप तो चालवतो, आरपायथनचं एकही फंक्शन वाढत नाही. त्याहून मजेशीर गोष्ट जिटची, म्हणजे जस्ट-इन-टाइम कंपायलरची. ट्रान्सलेशनच्या वेळी आत बसवलेला हा भाग प्रोग्रॅम चालू असताना थेट मशीन कोड तयार करतो. इव्हॅल नाकारणाऱ्या भाषेच्या पोटी हे पोर!

राजारामपुरीतल्या भाषेलाही इव्हॅल मिळू शकेल. पण त्यासाठी मजकुराची रचना ओळखणारा पार्सर आणि त्याचा बाइटकोड करणारा कंपायलर, दोन्ही तिलाच आरपायथनमध्ये लिहून आत ठेवावे लागतील. सध्या पार्सर कंसात कंस आला की अडखळतोय.