कळ येते, कळ जाते

(दृश्य : आवळलेल्या मुठी. बोटांच्या फटींतून गळणारं पाणी. भिंतीवरचा सेकंदकाटा.)

एप्रिलची सकाळ. नागपूरच्या रामनगर भागातला हा हॉल. बाळंतकळा सोसायची तयारी करून घेणारा वर्ग इथे भरतो. दहाही वाजलेले नाहीत, पण कूलर पूर्ण वेगात लागलाय. या उन्हात हातावर बर्फाचा खडा मिळाला तर कोणालाही बरं वाटेल. इथे मात्र तो मुठीत आवळून मिनिटभर धरायचा आहे. पंधरा-वीस सेकंदांत तळवा चरचरू लागतो. मग खांदे वर चढतात, दात आवळले जातात, श्वास कोंडतो. बर्फ एका हातात आहे आणि ताठलंय सगळं अंग.

या सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका. बहुतेक जणी पहिलटकरणी. पहिल्या खेपेला वर्ग घेणाऱ्या मॅडमनी मुद्दाम काहीच शिकवलं नाही. आता दुसरा खडा.

(दृश्य : तेच चेहरे, दुसरं मिनिट. निवेदन नाही, फक्त मॅडमचा आवाज.)

"नाकानं आत, चार मोज. तोंडानं बाहेर, सहा मोज. खांदे खाली सोड न बेटा. जबडा सैल. आणि पाहायचं एकाच ठिकाणी."

कोणाची नजर खिडकीच्या गजावर, कोणाची कूलरच्या जाळीवर. बर्फ तेवढाच गार आहे, हात दुखतोही आहे. पण आता या कपाळांवरच्या आठ्या विरलेल्या पाहा.

मिनिटाचा हा हिशेब उगाच ठरलेला नाही. बाळंतकळा भरात आल्या की दहा मिनिटांत साधारण तीन ते चार कळा येतात, आणि एक कळ पाऊण ते एक मिनिट टिकते. म्हणजे कळा जोरात असतानाही दहातली सहा मिनिटं मोकळी असतात. घरोघरी बाळंतपणाच्या ज्या गोष्टी मुली लहानपणापासून ऐकतात, त्यांत ही सहा मिनिटं कधीच नसतात. "मी तर मरता मरता वाचली" एवढंच असतं. आमचा आग्रह आहे तो या सहा मिनिटांसाठी. कळ ओसरल्यावरही जी ताठून राहते, पुढच्या कळेची धास्ती घेते, ती तासाभरात थकते. आणि पहिल्या बाळंतपणाला पुष्कळ तास लागतात.

(दृश्य : फळ्यावर खडूनं काढलेलं वर्तुळ – भीती, ताण, वेदना.)

हे वर्तुळ मांडलं ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत ते एका बाईचं बाळंतपण करायला गेले होते. त्यांनी क्लोरोफॉर्म पुढे केला, तिनं नको म्हटलं. तिला गरजच वाटली नाही. डॉक्टर ती बाई विसरले नाहीत. भीतीनं अंग आवळतं, आवळलेल्या अंगात कळ जास्त दुखते आणि जास्त दुखलं की भीती वाढते, हे सूत्र त्यांनी १९३० आणि १९४०च्या दशकांत जगापुढे ठेवलं. भीती गेली की वेदनाही जाते, इथपर्यंत त्यांचं म्हणणं होतं. तिथवर आम्ही जात नाही. कळा दुखतात. पण भीतीचा वाटा त्यातून काढता येतो, कारण तो शरीरात दिसतो. घाबरल्यावर अॅड्रिनलिन वाढतं, आणि गर्भाशयाला कळा देणारं ऑक्सिटोसिन त्यापुढे मागे पडतं. लांब सोडलेल्या उच्छ्वासानं हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला कळतं की धोका नाही.

फ्रान्सचे डॉक्टर फर्नांड लामाझ १९५१ साली सोव्हिएत रशियात गेले. सवयीनं शरीर आपोआप कसं वागतं हे दाखवणाऱ्या पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांवर आधारलेली बाळंतपणाची तयारी त्यांनी तिथं पाहिली आणि पॅरिसला परतून ती शिकवायला घेतली. कळ आली की ठरलेला श्वास, हे शरीराच्या इतकं अंगवळणी पाडायचं की ऐन वेळी आठवावं लागू नये. त्यांच्या पद्धतीत भराभर, धापा टाकल्यासारखे श्वासही होते. त्यानं काहींना गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, म्हणून आता भर संथ श्वासावर आहे.

संथ श्वास या शहराला नवा नाही. जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे इथल्या कितीतरी घरांत प्राणायाम पोचलेला आहे. फक्त कुंभक इथे वर्ज्य. गरोदर बाईनं श्वास रोखून धरायचा नाही.

(दृश्य : भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेली एक जण.)

हिला आकडे मोजणं जमत नाही. तिच्या घरी आनापान चालतं. येणारा श्वास येऊ द्यायचा, जाणारा जाऊ द्यायचा, लक्ष नाकपुड्यांपाशी. मॅडम तिला मोजायला लावत नाहीत. मन धरून ठेवायला एक जागा हवी, ती जिची तिनं निवडावी. शेजारची डोळ्यांपुढे सेमिनरी हिल्सचा चढ आणते. अर्धी कळ चढण, मग माथा, मग उतार. माथ्यावर फार वेळ कोणी थांबत नाही, हे तिनं स्वतःला सांगून ठेवलंय.

(दृश्य : घट्ट मूठ, मग उघडलेला तळवा. पायाची बोटं. ओठ.)

मूठ आवळा, सोडा. पोटऱ्या आवळा, सोडा. आवळलेलं कसं लागतं हे कळल्याशिवाय सैल सोडलेलं कळत नाही. शेवटी जबडा. ओठ मिटून भ्रामरीचा खालच्या पट्टीतला गुंजारव करताना दात सुटे ठेवायचे असतात, म्हणून तो इथे रोज होतो.

आणि हे नवरे. आज रविवार, म्हणून आलेत.

"मी काय करू मग? उभाच राहू का?"

"हात नको फिरवू. इथं, कमरेच्या खाली, तळव्यानं दाबून धर. कळ जाईपर्यंत सोडायचं नाही."

(दृश्य : नवऱ्याचा हात, तिची पाठ. निवेदन नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत निरोगी बाईच्या बाळंतपणासाठी स्नायू सैल करणं, श्वास, संगीत, सजगता, मालीश हे सगळं आहे. तिनं निवडलेलं माणूस शेवटपर्यंत जवळ असावं, हेही आहे.

लेबर रूममध्ये आम्ही कॅमेरा नेला नाही. चित्रीकरण संपता संपता या तुकडीतल्या दोघी बाळंत झाल्या. एक नॉर्मल. दुसरीच्या बाळाचे ठोके कमी झाले, डॉक्टरांनी वेळेत सीझर केलं, आणि कमरेत भुलीची सुई घेताना तिनं हाच श्वास धरला. चौघांचीही तब्येत ठीक. कळा सोसवेनात तर वेदनाशामक जरूर मागावं, आणि बीपी किंवा दुसरी जोखीम असेल तर सराव डॉक्टरांना विचारूनच.

(दृश्य : आई-लेक, एकत्र श्वास मोजताना.)

नॉर्मल झालेलीची ही आई. शेवटच्या अर्ध्या तासात लेक सगळं विसरली होती, तेव्हा कानाशी आकडे हिनं मोजले. ही आत असू शकली, कारण २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अट एवढी की तिनं स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. पण नियम असला तरी दारावर ऐन वेळी वाद घालायची ताकद कोणात नसते. म्हणून आठव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारून ठेवा, आत कोण येणार ते तिथं सांगून ठेवा आणि त्या व्यक्तीला सरावाला सोबत आणा. हॉलमध्ये सतरंज्या जास्तीच्या टाकलेल्या असतात.