बुरशीनं रंगवलेला तांदूळ

ही बरणी मी मुद्दाम सोबत आणली आहे. आत तांदूळ आहे. लाल तांदूळ म्हटलं की आपल्याला कोकणातला आठवतो, पण तो हा नव्हे. त्याचा लालपणा वरच्या कोंड्यात असतो, पॉलिश केला की आतून पांढराच निघतो. या बरणीतला दाणा मधोमध मोडलात तरी आत तेच कुंकवासारखं लाल. हा मुळात साधा पांढरा तांदूळ होता. भिजवला, उपसला, वाफवला, गार झाल्यावर त्यावर एक बुरशी लावली आणि दोन आठवडे उबेत ठेवला. वरून रंगाचा एक थेंबही घातलेला नाही. बुरशी दाण्याच्या आत शिरत गेली आणि जाताना रंग करत गेली.

तिचं नाव मोनास्कस पर्प्युरियस. जावा बेटावर 'अंगकाक' नावानं विकल्या जाणाऱ्या लाल तांदळातून वेंट या डच शास्त्रज्ञानं १८९५ साली ती वेगळी काढली आणि तिचं वर्णन केलं. चीनमध्ये मात्र हा तांदूळ त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. तिथे तो 'होंगछू', जपानमध्ये 'बेनीकोजी'. फूच्येन प्रांतातली लाल तांदळाची दारू, आंबवलेलं लाल टोफू, भाजलेल्या मांसाची लालसर कड, हे सगळं याच बुरशीचं काम.

प्रयोगशाळेत मुलांबरोबर हा तांदूळ पहिल्यांदा केला तेव्हा आम्ही घरी भात लावतो तसंच पाणी घातलं. चार दिवसांत फ्लास्कमध्ये गोळा झाला, रंग फिकट गुलाबी, आणि वास स्पष्ट दारूचा. मुलं हिरमुसली, मीही. कारण शोधलं तेव्हा कळलं की इथे पाण्याचाच सगळा हिशोब आहे. सुरुवातीचा ओलावा पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास असेल तर रंग उत्तम येतो. पाणी वाढलं की बुरशी स्टार्च तोडणारं विकर भराभर सोडते, स्टार्चची साखर होते, साखर साचली की तिची दारू, आणि रंगाचं काम मागे पडतं. शिवाय चिकट भातात हवा खेळत नाही आणि या बुरशीला हवा लागते. पुढच्या खेपेला उकडा तांदूळ घेतला, दाणा दाणा मोकळा ठेवला, तापमान ३० अंश, रोज फ्लास्क हलवून दाणे सुटे केले. तिसऱ्या दिवशी पांढरी लव आली, मग ती नारिंगी झाली आणि आठवड्याभरात लाल. तो नारिंगीचा टप्पा लक्षात ठेवा, या बुरशीची खरी करामत तिथेच आहे.

मोनास्कस सहा मुख्य रंगद्रव्यं बनवते. दोन पिवळी, दोन नारिंगी, दोन लाल. नारिंगी रेणूच्या एका कड्यात ऑक्सिजनचा अणू असतो. त्याला अमिनो गट (नायट्रोजन असलेला अणूंचा गट) असलेलं काही भेटलं, म्हणजे एखादं अमिनो आम्ल किंवा प्रथिनाचं मोकळं टोक, की तो ऑक्सिजन निघतो, त्या जागी नायट्रोजन बसतो आणि नारिंगीचा लाल होतो. म्हणजे बुरशीला नायट्रोजन कशातून देता यावर तुमचा रंग ठरतो. अजिनोमोटो म्हणून आपण ओळखतो ते सोडियम ग्लुटामेट दिलं तर एरवी पाण्यात न विरघळणारा हा रंग पाण्यात विरघळणारा होऊन बाहेरच्या द्रवात येतो. कारखान्यात मोठ्या टाकीत द्रव माध्यमात रंग करायचा असेल तर ही गोष्ट सोन्यासारखी आहे. मला स्वतःला रसायनशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सुंदर वाटतात.

आता लाल रंगासाठी एवढा खटाटोप कशाला? बीट आहे, कोकम आहे. पण बिटाचा रंग उष्णतेत टिकत नाही. कोकमातला रंग आंबटपणावर अवलंबून. आंबट आहे तोवर लाल, आंबटपणा गेला की तो बदलला. कार्माइन पक्का असतो, पण तो कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. शाकाहारी माणूस तो जाणूनबुजून खाणार नाही. मग उरतात कृत्रिम रंग. आपल्याकडे ठरावीक पदार्थांतच आणि साधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत ते चालतात. त्यांतल्या एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. आणि रोडामाइन-बी तर खायचा रंगच नव्हे, तो कापड-कागदाचा. म्हातारीच्या केसांमध्ये तो सापडला म्हणून २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकानं कारवाई केली, तिथेच गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवरही बंदी आली. जत्रेत पोरांच्या हातात ती गुलाबी काठी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून टिकाऊ, खाण्याजोगा लाल मला हवा आहे. मोनास्कसचा रंग उष्णतेला दाद देत नाही, पदार्थ आंबट असो वा नसो, टिकतो. उन्हात मात्र उडतो.

एवढं असून युरोप आणि अमेरिकेत मोनास्कस खाद्यरंग म्हणून मान्य नाही. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण 'नैसर्गिक' या शब्दावर डोळे मिटून विसंबणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

१६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी विद्वानानं कारागिरीवरच्या आपल्या ग्रंथात या तांदळाची कृती दिली आहे. तो म्हणतो, मासे आणि मांस सर्वांत लवकर नासतात, पण यांच्यावर याचा पातळ हात फिरवला तर ऐन उन्हाळ्यात दहा दिवस माश्या-अळ्या जवळ येत नाहीत. म्हणजे या बुरशीत जंतू मारणारं काहीतरी आहे हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. १९७०च्या दशकात संशोधकांनी त्या द्रव्याला मोनास्सिडिन असं नाव दिलं, आणि गुणी परिरक्षक म्हणून त्याचं कौतुकही झालं. मग १९९५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी त्यातल्या मोनास्सिडिन-एची रचना नीट तपासली. ते निघालं सिट्रिनिन. सिट्रिनिन १९३१ पासून माहीत होतं, पेनिसिलियम या बुरशीच्या एका जातीतून मिळालेलं. प्रतिजैविक म्हणून त्याची चाचपणी झाली होती आणि मूत्रपिंडाला घातक म्हणून ते बाजूला टाकलं होतं. तेच विष इथे रंगाच्या सोबतीनं तांदळात उतरत होतं.

बुरशी आपल्यासाठी रंग बनवत नसते. ती तिच्या जगण्यासाठी नाना रसायनं बनवते, त्यांतलं एक आपल्याला लाल दिसतं. याच मोनास्कसच्या एका जातीतून अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मोनाकोलिन-के काढलं. लोव्हास्टॅटिन म्हणून ओळखलं जाणारं कोलेस्टेरॉलचं औषध ते हेच. रंग, औषध आणि विष एकाच भांड्यात.

मग पुढची पंचवीस-तीस वर्षं शोध चालला तो भांड्यातलं विष कमी करण्याचा. नायट्रोजनसाठी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल दिलं तर सिट्रिनिन जवळजवळ नाहीसं होतं हे कळलं. सिट्रिनिन बनवणारं जनुक २००५ मध्ये सापडलं. मोनास्कस पिलोसस या जातीत ते जनुकच नाही, हेही स्पष्ट झालं. युरोपनं लाल तांदळाच्या पूरक गोळ्यांमधली सिट्रिनिनची मर्यादा किलोला २००० मायक्रोग्रॅमवरून २०२० मध्ये १०० वर आणली. सगळं मार्गी लागल्यासारखं वाटत होतं.

आणि मार्च २०२४ मध्ये जपानमधून बातमी आली. बेनीकोजीच्या गोळ्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली, शेकडो लोक दवाखान्यात गेले, काही दगावले. तिथे वापरलेली जात पिलोससच होती, सिट्रिनिन न बनवणारी. दोष निघाला तो आगंतुकाचा. कारखान्यात पेनिसिलियम कुळातली निळी बुरशी शिरली होती आणि तिनं प्युबेरुलिक आम्ल नावाचं विष तयार केलं होतं. तोच कच्चा माल रंगासाठी इतर खाद्य उद्योगांकडेही गेला होता, त्यामुळे कितीतरी पदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. ती बातमी वाचली त्या आठवड्यात मी आमच्या उबवण कपाटातले सगळे फ्लास्क पुन्हा एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मन थाऱ्यावर नव्हतं.

दुसरा मार्ग आहे, बुरशीच बदलण्याचा. टॅलारोमायसिस अॅट्रोरोझियस या बुरशीचं वर्णन २०१३ मध्ये झालं. ती मोनास्कससारखाच लाल देते आणि सिट्रिनिन बनवत नाही. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात तिच्यावर काम झालं. तिला एकच अमिनो आम्ल दिलं तर मिसळ रंग न येता एकच शुद्ध रंगद्रव्य मिळतं. मघाचा तोच नारिंगी-लाल न्याय, अधिक काटेकोरपणे वापरलेला. माझी आशा या वाटेवर जास्त आहे.

पिवळ्या-केशरीसाठी बुरशी आधीच कामाला लागलेली आहे. कापसाच्या बोंडावर रोग आणणारी अॅशबिया नावाची बुरशी रायबोफ्लेविन, म्हणजे पिवळं ब-२ जीवनसत्त्व, मोठ्या प्रमाणावर देते. आणि ब्लेकेस्लिया ट्रायस्पोरा बीटा-कॅरोटिन देते. तिची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बुरशीत नर-मादी नसतात, 'अधिक' आणि 'उणे' असे दोन वाण असतात. एकेकटे वाढवले तर फिकट. एका टाकीत घातले की एकानं अर्धवट बनवलेलं द्रव्य दुसरा पुरं करतो, त्यातून ट्रायस्पोरिक आम्ल तयार होतं आणि कॅरोटिन कित्येक पटींनी वाढतं. आणि ते आम्ल मुळात कॅरोटिनपासूनच बनतं. टाकी गाजराच्या हलव्यासारखी केशरी होते. युरोपनं हा रंग मान्य केला आहे.

मघाशी पहिल्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, हा लाल तांदूळ घरी करता येईल का? इडलीचं पीठ आंबवतो तसा? वाढेल, ताई, सहज वाढेल, रंगही देखणा येईल. पण सिट्रिनिन मुळात पिवळं असलं तरी या लालात ते नुसतं पाहून कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं, एचपीएलसीसारख्या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. शिजवूनही ते पुरतं जात नाही. आमच्या प्रयोगशाळेतला तांदूळसुद्धा आम्ही अजून चाखलेला नाही. बरणी मागच्या रांगांपर्यंत जाऊ द्या, उजेडात धरून नीट पाहा, पण झाकण उघडू नका.