निळा समुद्र आणि रक्ताचा थेंब

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ब्लड कॅन्सरचा. रक्ताच्या थेंबावर प्रकाश टाकून हा आजार ओळखता येईल का, यावर जगभर संशोधन चाललंय. पण आधी समुद्रावर जाऊया.

१९२१ चा सप्टेंबर. ‘नारकुंडा’ बोट युरोपातून मुंबईकडे निघालेली. बोटीवर बत्तीस वर्षांचे चंद्रशेखर वेंकट रामन. भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना वेड लावलं होतं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅलेंसारखा मोठा शास्त्रज्ञ सांगून गेलेला. रामन यांच्यापाशी निकोल प्रिझम होता. ठरावीक कोनातून त्यातून पाहिलं की पाण्यावरची चकाकी पुसली जाते. रामननी ती पुसली. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, आणि निळाई? ती गेली नाही, उलट आणखी खुलली! निळा रंग पाण्याचाच, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणून दिसणारा, असं रामननी ठरवलं. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, हेही त्यामागचं मोठं कारण.) बोट मुंबई बंदरात लागली, आणि २६ सप्टेंबरला रामननी तिथूनच ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र लिहिलं. वाहवा!

पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन परिणाम सापडला, १९३० मध्ये नोबेल. त्या २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन पाळतो. शाळांतून भाषणं होतात, तक्ते लागतात. अहो, मुलांना मिरामारला न्या, पाणी बघू द्या! गोव्यात समुद्र काय कमी आहे?

असो. विखुरलेल्या प्रकाशातला कोटीत एखादा कण रंग बदलून येतो, हाच रामन परिणाम. मडकं घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, तसा हा बदललेला प्रकाश रेणूचा नाद सांगतो. प्रथिनांचा वेगळा, मेदाचा वेगळा, डीएनएचा वेगळा. ल्युकेमियाच्या, म्हणजे एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या, पेशींत यांचं प्रमाण बदलतं. रक्तावर लेझर सोडायचा, आलेला आलेख संगणकाने निरोगी रक्ताच्या आलेखाशी ताडून पाहायचा, अशी ही पद्धत. नमुना थोडासा पुरतो, पेशींना रंग द्यावा लागत नाही. अडचण अशी की रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनचा नाद बाकीच्यांना झाकून टाकतो.

म्हणून नीट ऐका: ही तपासणी अजून प्रयोगशाळेतच आहे. पुन्हा सांगतो, अजून प्रयोगशाळेतच आहे. कुणी लेझरने ब्लड कॅन्सर शोधून देतो म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका. आज निदान होतं ते सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) आणि फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी प्रकाशातून नेऊन ओळखणं) यांवरून. त्या फ्लो सायटोमेट्रीतही लेझरचाच प्रकाश असतो बरं का.

ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, असं काही असेल तर साधी सीबीसी करून घ्या. तिच्यात पांढऱ्या पेशींचा आकडा फार चढलेला किंवा फार उतरलेला दिसला, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “स्मिअर पाहिला का?” आणि त्यांनी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायला सांगितलं, तर चतुर्थी होऊ दे म्हणून थांबू नका.