एक शटर, दोन कुलपं

(दृश्य: सकाळची चप्पल लाईन. शटर वर जाण्याचे आवाज. कॅमेरा एका शटरच्या खालच्या कडेवर.)

दुकानाच्या शटरला दोन कुलपं असतात. एक डाव्या टोकाला, एक उजव्या. दोन्ही निघाल्याशिवाय शटर जागचं हलत नाही.

कोल्हापुरात आम्ही जी विनोदी मालिका लिहितोय, ती या दोन कुलपांवर उभी आहे. चप्पल लाईनीतलं एक जुनं दुकान. वडील गेले, वाटणी झाली. डावं कुलूप थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. भावाभावांत बोलणं बंद. पण धंदा करायचा तर रोज सकाळी दोघांना एकाच वेळी, एकाच शटरपुढे वाकावं लागतं.

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेली कार्डं, एकेका कार्डावर एकेक प्रसंग.)

पायलट म्हणजे मालिकेचा पहिला, नमुन्याचा भाग. चॅनेल तो बघून मालिकेचं ठरवतं. त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटतं, जेवढं म्हणून हसवता येईल तेवढं इथंच ओतावं. असे पायलट वाचताना मजा येते आणि तिसऱ्या भागात मालिका धापा टाकायला लागते. कारण त्यात किस्सा असतो, भांडण नसतं. किस्सा सांगून संपतो. न मिटणारं भांडण, आणि त्या भांडणातून उठून जाता न येणारी माणसं, एवढं हाताशी असेल तर मालिका वर्षानुवर्षं चालते.

अमेरिकेतली ‘चिअर्स’ ही विनोदी मालिका १९८२ मध्ये सुरू झाली आणि अकरा सीझन चालली. तिचा पहिला अख्खा भाग बॉस्टनमधल्या एका बारच्या बाहेर पडतच नाही. होणारा नवरा सोडून गेलेली एक सुशिक्षित मुलगी भागाच्या शेवटी त्याच बारमध्ये वेट्रेस म्हणून काम धरते. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ आले. एक भित्रा, एक दांडगा. ही जोडी कुठल्याही अडचणीत नेऊन सोडा, गोष्ट आपोआप चालायला लागते.

(दृश्य: रापीनं कातडं कापणारे हात. वेणी घातलेला पट्टा.)

कोल्हापूर म्हटलं की मालिकेत तांबडा-पांढरा येतो, ‘नाद खुळा’ येतं, फेटा येतो. ही सजावट झाली. बोलीवर हसवणं मला अजिबात पटत नाही, त्यात आपल्याच माणसांचा अपमान आहे. इथला विनोद ईर्षेत आहे. पेठेपेठेत, तालमीतालमीत, फुटबॉलच्या मैदानात, सख्ख्या भावांत. हरलो तरी चालेल, पण तो जिंकता कामा नये! थोरल्याचा हात असा, की त्याची चप्पल करकर वाजत गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते, पण गिऱ्हाइकाला किंमत सांगताना त्याची जीभ अडखळते. धाकटा मोबाईलवरून दिल्लीपर्यंत माल विकेल, पण त्याला एक टाका घालता येत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज आहे आणि दोघंही ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत.

आता आराखडा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात साधारण बावीस मिनिटं उरतात. आम्ही वाटणी दाखवत नाही. ती होऊन गेलेली आहे, फरशीवर पिवळ्या रंगाची रेघ मारलेली आहे. टायटलच्या आधीचा छोटा प्रसंग असा: उजवं कुलूप निघालंय, डावं लटकतंय. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलंय आणि धाकटा चहावाल्याच्या पोराकरवी समोरच्याच कट्ट्यावर बसलेल्या थोरल्याला निरोप पाठवतोय.

मग वडिलांच्या नावानं लग्नाची मोठी ऑर्डर येते. बस्त्यासोबत सगळ्या वऱ्हाडाला चपला. धाकटा न विचारता तारीख देऊन मोकळा होतो. थोरला चिडतो, खिशात किल्ली घालून जोतिबाला निघून जातो. माल आत, शटर बंद. इथं जाहिरातीचा ब्रेक.

दुसरा ट्रॅक जावांचा. तोच मला सगळ्यात आवडतो. नवरे बोलत नाहीत, पण या दोघींचं छान जमतं आणि त्या चोरून एकत्र भिशी चालवतात. भिशीचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात अडकलेत. रात्री दोघी आपापल्या नवऱ्याच्या किल्लीची डुप्लिकेट घेऊन येतात, शटर उघडतात, पैसे काढतात आणि आता आलोच आहोत तर माल बांधून रवाना करतात. सकाळी प्रत्येक भावाला वाटतं, समोरचा नमला. दोघंही मिशीत हसतात. भांडण जसंच्या तसं राहतं, वर एक गुपित तयार होतं. पायलटच्या शेवटी आम्हाला एवढंच हवं होतं.

मोहाची एक जागा आली होती. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि २०१९ सालीच जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कारागिरीचं नाव घेतलं नाही म्हणून मोठा गदारोळ झाला. पायलट त्याच्यावरच करू, असं वाटणं साहजिक आहे. पण बातमीवर एक भाग निघतो, मालिका निघत नाही. ते कार्ड पुढच्या भागांत लावलं.

(दृश्य: वहीचं पान. एकेका ओळीतले भाग.)

मालिका चालेल का, हे या पानावर कळतं. प्रत्येक भाग एका ओळीत. सहाव्या ओळीला पेन अडलं तर नवे प्रसंग शोधू नयेत, माणसं पुन्हा घडवावीत.

पावसाळा: कोल्हापुरी भिजून चालत नाही, गिऱ्हाईक नाही, दोन भाऊ दिवसभर समोरासमोर. नवरात्र: अंबाबाईच्या गर्दीत फरशीवरची रेघच पुसली जाते. लाईटबिल: मीटर एक, धाकट्यानं एसी लावलाय आणि गारवा रेघ ओलांडून थोरल्याकडे जातोय. आई: ती दोघांकडे एकेक महिना जेवते, आणि ज्याच्या वाट्याला फेब्रुवारी आला त्याच्याकडून दुसऱ्याला राहिलेले दिवस वसूल करायचेत.

अशा ओळींचं एक पान आणि पायलटचा आराखडा, एवढं चॅनेलकडे जाईल. संवाद अजून एकही लिहिलेला नाही.