विकणाऱ्याचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्यांच्या उद्यमनगरात सकाळी फेरी मारली की काय ऐकू येतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. या गावानं ऑइल इंजिनं बनवली, कास्टिंगं म्हणजे धातूचे ओतीव भाग ओतले. आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत शेड पसरल्यात. पण धातूचे भाग मशीनवर कापून देणाऱ्या लहान मशीन शॉपच्या मालकाला विचारा, धंदा कसा चाललाय? तो म्हणतो, "मशीन आहे, मिस्त्री आहे, काम नाही." मीही असाच एक मालक, पण माझं म्हणणं वेगळं आहे. काम आहे, ते आणायला जाणारा माणूस नाही. मालक दिवसभर मशीनवर, दुपारी इन्सर्ट (कापायच्या हत्याराची पाती) आणायला, संध्याकाळी बँकेत. मग ग्राहकाच्या दारात उभं कोण राहणार?

आज त्या माणसाबद्दल बोलायचंय. तो निवडायचा कसा आणि त्याला पैसे द्यायचे कसे.

निवडताना एकच बघा, त्याला ड्रॉइंग, म्हणजे वस्तूचा मापं लिहिलेला नकाशा, वाचता येतं का. बोलणं गोड असेल-नसेल, ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे. मी आधी एक बोलका मुलगा ठेवला होता. अठरा हजार पगार, वर पेट्रोल. त्यानं तिसऱ्या महिन्यात शाफ्टची ऑर्डर आणली. ड्रॉइंगवर ग्राइंडिंग फिनिश, म्हणजे घासून गुळगुळीत करायचं, असं लिहिलेलं, आणि माझ्याकडं ग्राइंडिंग मशीनच नाही. बाहेरून करून घेतलं, त्यात मजुरी, म्हणजे कामाचे आम्हाला मिळणारे पैसे, सगळी गेली. दोष त्या मुलाचा नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ड्रॉइंगचे तास वाढवा, हे मी जिथं बोलायला मिळेल तिथं सांगतो. कागदावरच्या तीन बाजू पाहून वस्तू डोळ्यांपुढं उभी राहिली नाही, तर हातात कितीही महाग मशीन दिलं तरी उपयोग नाही.

त्यानंतर काका आले. एका मोठ्या कारखान्यात स्टोअर आणि परचेसला (खरेदी खात्यात) तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आमचं ठरलं असं: पगार नाही, प्रवासाला महिन्याला सहा हजार, आणि मजुरीच्या बिलावर चार टक्के कमिशन. काका एसटीनं फिरायचे. पिशवीत ऑइलपेपरात गुंडाळलेले तीन जॉब, म्हणजे मशीनवर केलेले भाग, असायचे. एक फ्लँज, एक बुश, एक पंपाचं कव्हर. पाच महिने काहीच आलं नाही. मी मनातून धीर सोडला होता.

मग मिरजेकडच्या एका पंपाच्या कारखान्यात, तिसऱ्या भेटीत, तिथल्या परचेसच्या साहेबांनी एक ड्रॉइंग पुढं सरकवलं. बुश, महिन्याला दोन हजार नग. काकांनी चष्मा लावला. भोक तीस मिलिमीटर, मापात चालणारा फरक शून्य ते तेरा मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काकांनी ड्रॉइंग परत सरकवलं. म्हणाले, "साहेब, आमच्या लेथवर हे दहा नग बरोबर निघतील, अकरावा जाईल. आज मी हो म्हटलं, तर पुढच्या महिन्यात तुम्ही मला गेटवर उभं करून घेणार नाही."

संध्याकाळी हे मला कळलं तेव्हा मी जेवलो नाही. दोन हजार बुश! हातातलं काम सोडून माणूस परत आला! बाराव्या दिवशी त्याच साहेबांचा फोन. "तुमच्या काकांना पाठवा, पंप कव्हरचं ड्रॉइंग द्यायचंय. नाही म्हणणारा माणूस हवाय मला." महिन्याला तीनशे कव्हरं. त्यामागून दुसरं, तिसरं ड्रॉइंग आलं. त्या कामानं माझ्याकडं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, आलं.

आता माझ्या हातून काय झालं ते ऐका. तिसऱ्या वर्षी एका महिन्याचं कमिशन सव्वीस हजार झालं. भाऊ म्हणाला, "काका आता नुसता फोन करतात. काम आपोआप येतंय." मलाही ते पटलं. काकांना चहाला बसवून सांगितलं, जुन्या कामावर इथून पुढं दोन टक्के. काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बरं, मालक." आणखी एक शब्द नाही.

त्यानंतर नवं ड्रॉइंग एकही आलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्या पंपाच्या कारखान्याकडं चार लाख ऐंशी हजारांचं पेमेंट अडकलं. मी फोन केले, पत्र दिलं, स्वतः जाऊन आलो. "चेक तयार होतोय." तिथल्याच एका क्लार्कनं मला विचारलं, "काका का येत नाहीत हल्ली? दर महिन्याला इथं अकाउंट्समध्ये बसून सगळी बिलं जुळवून द्यायचे." श्रोतेहो, मला हे माहीतच नव्हतं. मी ज्याला नुसता फोन समजत होतो, ते हे काम होतं.

त्याच रात्री हिशोब काढला. तीन महिन्यांचा फरक एकतीस हजार चारशे. मंगळवार पेठेत काकांच्या घरी गेलो, पाकीट पुढं ठेवलं, म्हटलं, "काका, चुकलो." त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. आधी फडताळातली वही काढली, चष्मा लावला आणि माझा कागद ओळीओळीनं तपासला. म्हणाले, "मालक, यात चाळीस कव्हरं रिजेक्शनमध्ये परत आलेली आहेत. त्याचं कमिशन माझं नाही. अकराशे वीस कमी करा." आणि मी कमी करेपर्यंत त्यांनी पैसे घेतले नाहीत.

वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भराभर सांगतो.

कमिशन मजुरीवर धरा. कास्टिंग आपण घालत असलो की बिल फुगतं. समजा बिल दोन लाख चाळीस हजारांचं, त्यात कास्टिंगच दीड लाखाचं. पूर्ण बिलावर तीन टक्के म्हणजे सात हजार दोनशे. तेच नव्वद हजारांच्या मजुरीवर आठ टक्के पडतात.

कमिशन पैसे जमा झाल्यावर द्या. पुन्हा सांगतो, ऑर्डर आल्यावर नाही, बिल गेल्यावर नाही, पैसे जमा झाल्यावर. अडत, म्हणजे दुसऱ्याचा माल विकून देऊन वाटा घेणं, या गावाला नवी नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, विकला जातो, मग विकून देणाऱ्याचा वाटा निघतो. आणि ग्राहकानं पैसे वेळेत द्यावेत यासाठी कायदा आपल्या बाजूला आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. आपले लोक भिडेपोटी हे बोलत नाहीत. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर छापा आणि बोला.

करार लेखी करा, एक पानाचा असला तरी चालेल. कोणते ग्राहक त्याचे, जुन्या कामावर दर किती, रिजेक्शन आलं तर काय, काम सोडलं तर पुढं किती महिने कमिशन चालू. जुन्या कामावर दर किती, हे आधीच लिहा.

कमिशनवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून दर पाचावरून दोन टक्क्यांवर आलाय. तुम्हाला लागू आहे का, ते सीएकडून बघून घ्या.

आणि दर महिन्याला एक तारीख धरा. आमच्याकडं दहा तारीख आहे. जमा झालेल्या बिलांची यादी, टक्का, रक्कम असा कागद आधी काकांच्या हातात जातो. ते अजूनही चष्मा लावून तो तपासतात, सही करतात, मगच पैसे घेतात.

नमस्कार.