माशाच्या खाद्याला काय खायला घालता?

नमस्कार मंडळी. खाद्याचा डबा घेताना आपण सगळे आधी प्रोटीनचा आकडा बघतो. खरं तर प्रोटीनची फारशी काळजी नको, ते महिनोन्महिने टिकतं. हवेनं आणि उष्णतेनं मुकाट्यानं संपतं ते क जीवनसत्त्व. आपल्यासारखंच बहुतेक माशांनाही ते शरीरात तयार करता येत नाही. ते फार कमी पडलं तर मणका वाकतो. पाठीत बाक आलेला गप्पी मासा दिसला की आपण आनुवंशिक दोष म्हणून सोडून देतो. तसं असूही शकतं, माशांच्या क्षयानंही पाठ वाकते. पण डबा कधी उघडला होता, हेही एकदा आठवून बघा. चार गप्पींसाठी अर्धा किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेणं मला तरी पटत नाही. पिशवीत सुटं मिळणारं खाद्य तर कधीचं आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

आता आर्टेमिया, म्हणजे माशांना जिवंत खाऊ घालतात तो खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव. अंडी खाऱ्या पाण्यात घालून, हवा सोडून ठेवली की साधारण 24 तासांत पिल्लं निघतात. काही जण याच भांड्यात माशाच्या तेलाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळेल असं केलेलं तेल, ओततात. ते सगळं वाया जातं. नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं तोंडच उघडलेलं नसतं, ते अंगातल्या बलकावर जगतं. आठेक तासांनी पहिली कात टाकली की ते खायला लागतं. तेव्हा त्याला स्वच्छ खाऱ्या पाण्यात घ्या, इमल्शन द्या आणि 12 ते 24 तास थांबा. समोर येईल तो बारीक कण ते गिळतं, त्यामुळे आपण देऊ ते त्याच्या पोटात जातं. मग गाळून, धुऊन लगेच माशांना घाला. उपाशी ठेवलंत तर भरलेला डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातलं ओमेगा-3 मेदाम्ल, ते स्वतःच खर्च करून टाकतं.

ही खटपट करायची कुणी? क्लाउनफिशसारख्या समुद्री माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांनी. या माशांना डीएचए स्वतः पुरेसा बनवता येत नाही आणि आर्टेमियात तो मुळात नगण्य असतो. गप्पी, गोल्डफिश ही गोड्या पाण्यातली मंडळी साध्या तेलांतून थोडाफार बनवून घेतात. त्यांच्या पिल्लांना ताजा निघालेला आर्टेमिया, बलकासकट, उत्तम.

ट्युबिफेक्स या गांडुळासारख्या बारीक लाल किड्याचंही गणित तेच, फक्त उलटं. तो गटाराच्या गाळात पोसलेला असतो आणि तो गाळ माशाच्या पोटात जातो. मासे तुटून पडतात म्हणून ते खाद्य चांगलं, असं होत नाही. आपणही वडापाववर तुटून पडतोच की!

मघाशी कुणीतरी व्हिटॅमिनच्या थेंबांचं विचारलं. टाकीत टाकू नका. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. थेंब कोरड्या दाण्यांवर सोडा, दहा मिनिटं मुरू द्या आणि तेवढे दाणे त्याच वेळी संपवा. ओले दाणे परत डब्यात टाकले, तर बुरशी येईल.