थांबायचं कोणी?

[दृश्य: बारसूचा सडा. उन्हात तापलेला कातळ, त्यावर कोरलेल्या आकृती.]

राजापूर तालुक्यातला हा बारसूचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. इथली कातळशिल्पं हजारो वर्षांची. २०२३ च्या एप्रिलमध्ये इथे रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा गावच्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याआधी हा प्रकल्प जवळच्याच नाणारला येणार होता. क्षमता वर्षाला ६ कोटी टन, परदेशी भागीदार सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक या तेलकंपन्या. लोकांनी जमीन दिली नाही. २०१९ मध्ये सरकारला तिथली अधिसूचना मागे घ्यावी लागली.

या माणसांना ‘विकासविरोधी’ म्हटलं की विषय मिटतो, असं अनेकांना वाटतं. पण ज्या तेलकंपन्यांना आपल्या तेलासाठी कायमचं गिऱ्हाईक हवंय, त्यांच्याशी हा वाद आहे. तो राजापुरात सुटणार नाही.

[दृश्य: विजयदुर्गची खाडी, होड्या.]

या खाडीत उद्या तेल सांडलं, तर ते साफ करण्याचा खर्च देशाच्या उत्पन्नात, म्हणजे जीडीपीत, जमा होईल. घरात म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईचं राबणं मात्र त्या हिशेबात कुठेच नाही. राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे ठरवू नका, असं अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं. जगाने आकडा घेतला, इशारा सोडून दिला.

आता युरोपातही आर्थिक वाढीच्या पलीकडे जाण्याची भाषा होते. मे २०२३ मध्ये ब्रसेल्सला, युरोपीय संसदेतच, त्यावर मोठी परिषद झाली. चांगलंच झालं. पण भारताचं दरडोई उत्पन्न वर्षाला अडीच हजार डॉलरच्या आसपास, अमेरिकेचं ऐंशी हजारांच्या वर. दोघांना एकाच सुरात ‘थांबा’ म्हणणं हा धडधडीत अन्याय आहे.

[दृश्य: नकाशा. दक्षिण अमेरिका, इक्वाडोर.]

इक्वाडोरची गोष्ट कोकणाने नीट ऐकावी. यासुनीच्या जंगलाखाली तेल सापडलं. २००७ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांत सांगितलं, आम्ही ते काढत नाही. जगाने आमच्या बुडणाऱ्या उत्पन्नापैकी निम्मं, ३६० कोटी डॉलर, भरून द्यावं. प्रत्यक्ष हातात आले जेमतेम १.३ कोटी. २०१३ मध्ये योजना गुंडाळली, पुढे विहिरी खोदल्या. या देशाचं स्वतःचं चलनही नाही, २००० पासून तिथे डॉलरच चालतो. तेल न विकता तो डॉलर आणायचा कुठून? तरीही २०२३ च्या सार्वमतात जवळपास ५९ टक्के लोकांनी तेल जमिनीतच राहू द्या, असा कौल दिला.

[दृश्य: राजापूर एसटी स्टँड, मुंबईची गाडी.]

कोकणातही रिफायनरी हवी म्हणणारे आहेत. पोरं मुंबईला जातात, घरं कुलूपबंद पडतात, हे दुःख खरं आहे आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल. पण ते तेलकंपनीच्याच पैशातून का यावं? २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जीडीपीपलीकडची मोजमापं ठरवण्याचं काम हाती घेतलं. भारताने तिथे नुसत्या मोजमापावर समाधान मानू नये. श्रीमंत देशांनी आपला वापर आधी कमी करावा, गरीब देशांची कर्जं हलकी करावीत, आणि जे गाव आपला सडा, आपली खाडी राखतं त्याच्या रोजगाराचा खर्च उचलावा, अशी मागणी भारताने बारसूचं नाव घेऊन करावी.